मराठी अक्षरे आणि महाजालाची साधने

सन १६०८ च्या डिसेंबर महिन्यात गोव्यातील एका जेजुइट धर्मगुरूने रोम येथील आपल्या वरिष्ठांना एक पत्र धाडले. हे धर्मगुरू म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स. ते मूळचे इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यास आले आणि पुढील चाळीस वर्षे त्यांनी येथील लोकांत व येथील भाषांत घालविली. या पत्रात त्यांनी आपली एक जुनी इच्छा कळविली होती. या भूमीच्या भाषेतील पुस्तके या भूमीच्याच लिपीत छापली जावीत, ही ती इच्छा होय. मार्गातील अडचणही त्यांनी स्पष्ट सांगितली. युरोपातील लिपीस चोवीस साचे पुरतात. इकडील लिपीस मात्र सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील, आणि ते अशक्यप्राय वाटते.

ती इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १६१६ साली साष्टीतील राचोल, म्हणजेच रायतूर, येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. भाषा मराठी, छंद मराठी, परंतु खिळे परके. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. पण छापखाना असणे निराळे आणि आपल्या अक्षरांचा छापखाना असणे निराळे. देवनागरी खिळ्यांनी मराठीचे व्याकरण छापले जाण्यास १८०५ साल उजाडावे लागले. ते विल्यम कॅरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले. पुढे १८३२ साली मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, १८६९ साली जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला, आणि मग कोठे मराठी अक्षर कागदावर सुखाने नांदू लागले.

ही जुनी हकीकत आज सांगण्याचे प्रयोजन असे, की तिची पुनरावृत्ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत झाली आहे. या वेळी छापखान्याच्या जागी महाजाल होते, आणि खिळ्यांच्या जागी संगणकाच्या व दूरध्वनीच्या कळा.

महाजालाचा आरंभ अमेरिकेत झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये पहिला निरोप गेला. 'लॉगिन' हा शब्द धाडावयाचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्र बंद पडले. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याची सोय केली. ई-मेलच्या पत्त्यातील ते वेटोळ्याचे चिन्ह त्यांनीच निवडले. १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी माहितीची पाने परस्परांशी जोडण्याची योजना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ही पद्धत कोणतेही शुल्क न घेता सर्व जगाला खुली केली. आज ज्याला 'वेब' म्हणतात त्याचा सर्वत्र प्रसार झाला, याचे एक मोठे कारण त्या दिवसाच्या औदार्यात आहे. भारतात सामान्य ग्राहकाला ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाने देऊ केली.

पुढील वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 'हॉटमेल' सुरू केले. कोणत्याही गावच्या संगणकावर बसावे, आपले नाव व परवलीचा शब्द द्यावा आणि आपली पत्रे वाचावीत, तीही विनामूल्य, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. इंदूरच्या आईबापांना परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र पंधरा दिवसांनी मिळावयाचे, ते आता चौकातील सायबर कॅफेमध्ये त्याच दिवशी मिळू लागले. मात्र ते पत्र मराठी असले तरी अक्षरे रोमन असत. वाचताना मध्येच अडखळावे लागे. 'पाठ' म्हणावयाचे की 'पाट', 'काळ' की 'काल', हे संदर्भावरून ताडावे लागे. राचोलच्या वाचकाची अडचण पुन्हा एकदा मराठी माणसाच्या वाट्याला आली होती.

त्या वेळी देवनागरी अक्षरे संगणकावर मुळीच नव्हती असे नाही. छापखान्यांसाठी व कचेऱ्यांसाठी अनेक फाँट तयार झाले होते. दोष असा, की प्रत्येकाची अंतर्गत मांडणी निराळी. एका फाँटमध्ये ज्या आकड्यावर 'क' असे, त्या आकड्यावर दुसऱ्यात 'म' असे. त्यामुळे एका संगणकावर टंकलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की समोर अर्थहीन चिन्हांची रांग उभी राही. मराठी वृत्तपत्रांच्या आरंभीच्या संकेतस्थळांवर बातमी वाचण्यापूर्वी त्या पत्राचा फाँट उतरवून घ्यावा लागे, तो याचमुळे.

यावर भारतात उपाय शोधला गेला होता. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत आरंभ झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने वाढविले, आणि भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही एक समान संकेतपद्धती ठरली. तिच्या १९८८ च्या आराखड्यावरून १९९१ साली 'युनिकोड' या जागतिक पद्धतीत देवनागरीला जागा मिळाली. ही जागा किती? अवघ्या १२८ घरांची. स्टीफन्स यांना ज्या लिपीसाठी सहाशे साचे लागतील असे वाटले, तिला १२८ घरे पुरली. याचे रहस्य असे, की नव्या पद्धतीत जोडाक्षरांसाठी स्वतंत्र घर ठेवलेच नाही. 'क्ष' हवा असेल तर 'क', हलन्ताचे चिन्ह आणि 'ष' एवढेच नोंदवावयाचे. ती तीन चिन्हे जुळवून अक्षराचा आकार काढण्याचे काम यंत्राने करावयाचे. बालवर्गात मुलाला जोडाक्षर ज्या रीतीने शिकवितात, तीच रीत यंत्राला शिकविली गेली. व्यापक वापरातील संगणकप्रणालीत ही देवनागरी २००० साली विंडोजच्या आवृत्तीबरोबर आली.

तरीही काही उणिवा राहिल्या. इंग्रजी शब्द मराठीत लिहिताना ज्याची नित्य गरज पडते तो 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली दाखल झाला. म्हणजे आज प्रत्येकाच्या तोंडी असलेला 'ॲप' हा शब्द त्याच्या योग्य अक्षराने लिहिण्याची सोय त्यापूर्वी नव्हती. दूरध्वनीवरील लघुसंदेशाची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. रोमन अक्षरांत एका संदेशात १६० चिन्हे मावत. देवनागरीत केवळ ७०. तोच निरोप स्वतःच्या लिपीत द्यावयाचा तर अनेकदा दुप्पट दाम मोजावे लागत. मराठी माणूस रोमन अक्षरांत लिहितो म्हणून त्याला अभिमानशून्य ठरविणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावयास हवा. साधन ज्या लिपीला स्वस्त, त्या लिपीकडे हात आपोआप वळतो.

ही परिस्थिती पालटली ती काही सामान्य वापराच्या साधनांमुळे. कानडी लिहिण्यासाठी निघालेल्या 'बरह' या साधनावर अनेक मराठी लोक देवनागरी टंकू लागले. भाषांच्या सीमेवर वाद पुष्कळ झाले. परंतु या साधनाने दोन्ही भाषांची सेवा मुकाट्याने केली, हे नमूद करण्यासारखे आहे. १९९६ साली परदेशस्थ मराठी मंडळींसाठी 'मायबोली' हे संकेतस्थळ निघाले होते. तेथील लेखनही पुढे देवनागरीत होऊ लागले. विकिपीडिया हा सर्वांनी मिळून लिहावयाचा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, आणि त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, अवतरली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्या ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांसाठी आपले आयुष्य झिजविले, तो कोशही आज महाजालावर घरबसल्या वाचता येतो, आणि वाईहून निघालेला मराठी विश्वकोशही. २०१३ साली गूगलच्या भाषांतरसेवेत मराठीचा समावेश झाला. २०१७ साली मराठीत बोललेले शब्द अक्षरांत उतरविण्याची सोय दूरध्वनीवर आली. ज्यांना कळांची सवय नाही अशा वृद्धांना तिचा मोठा आधार वाटतो.

निरोपाच्या साधनांतही असाच पालट झाला. एके काळी ज्या तारेच्या नुसत्या नावाने घरात धडकी भरे, ती तारसेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर २००९ साली निघालेले 'व्हॉट्सॲप' घरोघर पोहोचू लागले होते. २०१४ साली ते फेसबुकने विकत घेतले. शासनानेही आपली साधने दिली. २०१५ साली कागदपत्रे जतन करण्यासाठी 'डिजिलॉकर' आले, तर २०१६ साली एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तत्काळ पैसे धाडणारी 'यूपीआय' पद्धत आली. भाजीवाल्याच्या गाड्यावर लटकणारा चौकटींचा ठसा हे त्या पद्धतीचे सर्वांच्या परिचयाचे रूप.

येथे एक प्रश्न उभा राहतो. या सेवांपैकी बहुतेक विनामूल्य मिळतात. मग त्यांचा खर्च कोण सोसतो? बडोद्यात याची एक जुनी तुलना सापडते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणले. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. वाचकाला दाम पडत नसे, कारण ते राज्याच्या खजिन्यातून दिले जात. आणि राज्याकडे त्याबद्दल दाद मागता येत असे. महाजालावरील बहुतेक मोफत सेवांचा खर्च जाहिरातदार देतात. वाचकाला काय आवडते, तो कोठे जातो, काय शोधतो, या माहितीवर त्या जाहिराती बेतलेल्या असतात. तेव्हा सेवा बंद करावयाची की चालू ठेवावयाची, हा निर्णय वाचकाच्या हाती राहत नाही.

तो निर्णय कसा होतो, याचे उदाहरण ताजे आहे. २००४ च्या जानेवारीत गूगलने 'ऑर्कुट' ही भेटीगाठींची सेवा सुरू केली. ब्राझील आणि भारत या दोन देशांत ती विलक्षण लोकप्रिय झाली. गावांच्या, शाळांच्या, आडनावांच्या, नाटकवेड्यांच्या मंडळ्या तेथे जमल्या. जुने वर्गमित्र सापडले, वंशवेली जुळविल्या गेल्या, जुनी छायाचित्रे पेटीतून बाहेर आली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ती सेवा बंद झाली. त्यापूर्वी लाखो लोकांनी स्वतःची पाने जेथे रचली होती ते 'जिओसिटीज' ऑक्टोबर २००९ मध्ये असेच मिटले. दोन्ही वेळी पूर्वसूचना मिळाली होती. पण सूचना वाचून आपली सामग्री काढून घेण्याची तत्परता थोड्यांनीच दाखविली. इंटरनेट आर्काइव्ह या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने अशी अगणित पाने जतन करून ठेवली आहेत. तथापि खाजगी पत्रे आणि बंद मंडळ्यांतील लेखन तिच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी समाजाला ही बाब विशेष लागू आहे. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा हैदराबादच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जुन्या पिढीचा ठेवा कपाटांत आहे. आजच्या मंडळांचे इतिवृत्त, गणेशोत्सवाचे कार्यक्रम, दिवंगत शिक्षकांच्या आठवणी, बंद पडलेल्या मराठी शाळेच्या शेवटच्या वर्गाचे छायाचित्र, हे सारे मात्र कोणाच्या तरी दूरध्वनीत आणि कोणत्या तरी कंपनीच्या भांडारात आहे. दूरध्वनी बदलला अथवा सेवा मिटली की त्यातील पुष्कळसे नाहीसे होईल, आणि नाहीसे झाल्याचे कोणाला कळणारही नाही.

'ख्रिस्तपुराणा'ची पुढील कथा या ठिकाणी पुन्हा आठवावीशी वाटते. ते १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. छापील ग्रंथ लोपला, तरी काव्य लोपले नाही. कारण भाविकांनी ते हाताने उतरवून घेतले होते. गोव्यातून स्थलांतर करून मंगळूरच्या बाजूस गेलेल्या कुटुंबांनी त्या पोथ्या बरोबर नेल्या, उपवासाच्या दिवसांत वाचल्या आणि पुढील पिढीच्या हाती दिल्या. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापले, तेही रोमन लिपीत. १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली. फादर स्टीफन्स यांची इच्छा पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी फळाला आली. छापखान्याने ग्रंथ पसरविला खरा. परंतु तो राखला तो नकला करणाऱ्या घरांनी.

आजच्या साधनांत नक्कल करणे त्या काळाहून कितीतरी सोपे आहे. बहुतेक मोठ्या सेवा ग्राहकाला त्याची स्वतःची सामग्री एकत्र उतरवून घेऊ देतात. महत्त्वाचे लेखन अक्षराचे चित्र करून न धाडता साध्या युनिकोड अक्षरांत ठेवले, तर ते पुढे शोधता येते आणि दुसऱ्या यंत्रावरही उघडते. एक प्रत घरी, एक आप्ताच्या घरी आणि निवडक मजकुराची एक कागदी प्रत गावच्या ग्रंथालयात, एवढा शिरस्ता एखाद्या मंडळाने वर्षातून एकदा पाळला तरी पुष्कळ राखले जाईल.

सहाशे साच्यांची अडचण आता उरलेली नाही. मराठी अक्षर प्रत्येकाच्या खिशात आहे. फादर स्टीफन्स यांना जे मिळाले नाही ते आजच्या शाळकरी मुलाला सहज मिळाले आहे. मंगळूरच्या त्या घरांनी जी काळजी घेतली ती घेण्याचे काम मात्र यंत्रावर सोपविता येत नाही. ते माणसांनाच करावयाचे आहे.