१८६२ सालचा रुपया खरोखर कोणत्या सालचा?

व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया आजही काही घरांत लक्ष्मीपूजनाच्या तबकात दिसतो. त्यावर १८६२ हे साल असेल, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. पुढची दहा-बारा वर्षे पाडलेल्या रुपयांवरही हेच साल उमटवले जात होते. खरे साल घालण्याची पद्धत १८७४ पासून सुरू झाली.

याचे मूळ सराफांच्या बट्ट्यात आहे. मोगली रुपयावर बादशहाचे राज्यवर्ष असे. नाणे एक-दोन वर्षांचे झाले की सराफ त्यावर बट्टा कापत. वास्तविक एवढ्या काळात होणारी चांदीची झीज नगण्य असते. (अब्रूला 'बट्टा' लागतो तो हाच!) यावर उपाय म्हणून कंपनीने कोलकात्याच्या रुपयावर दुसऱ्या शाह आलमचे १९ वे राज्यवर्ष कायमचे गोठवले. बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी त्याचे १९ वे वर्ष काही संपेना! पुढे १८४० हे सालही असेच १८६१ पर्यंत चालले.

साल गोठले तरी टांकसाळीला आपला माल ओळखता यायला हवाच. मुंबईच्या १८६२ च्या रुपयांवर सालाजवळ बारीक ठिपके आढळतात. त्यांच्या संख्येवरून नाणे पाडल्याचे वर्ष कळते, असे नाणेतज्ज्ञ मानतात. मग भिंग घेऊन ठिपके मोजावेत, एवढेच ना? नाही. नाणे पाडताना धातू ठशाच्या खळग्यांत शिरतो. ठशाला चुकून टवका उडाला, तर नाण्यावर एक फुकटचा ठिपका उठतो. उलट, ठिपक्याच्या खळग्यात मळ भरला, तर खरा ठिपका गायब होतो. म्हणून एका नाण्यावरून वर्ष ठरवू नये. तसाच ठिपका त्याच जागी दुसऱ्या नाण्यांवरही आहे का, ते पाहावे.

आजच्या नाण्यांनाही हेच लागू आहे. सालाखाली चौकट असेल तर नाणे मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. यातला शेवटचा नियम मला कच्चा वाटतो. खूण बुजलेले मुंबईचे नाणे यात सहज कोलकात्याचे ठरेल!

'दुर्मीळ चूक' म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्यांसाठी एक साधी कसोटी आहे. ठशाला तडा गेला, तर नाण्यावर उंचावलेली रेघ येते. नंतर पडलेला ओरखडा मात्र खोलगट असतो. नाण्यावर तिरपा प्रकाश टाकला की सावलीवरून हा फरक कळतो. ठसा मध्यापासून सरकला असेल, तर एका बाजूची अक्षरे कापली जातात आणि समोर कोरी पट्टी उरते. कानशीने घासलेल्या नाण्याचे वजन घटते. १८६२ चा रुपया नवा असताना ११.६६ ग्रॅमचा होता, त्यामुळे प्रयोगशाळेतला तराजू इथे कामी येतो. नाणे चिंचेने घासून मात्र आणू नये. बारीक ठिपके आधी जातात ते त्यानेच.