गायतोंडे यांच्या चित्रात बुद्ध कुठे?

वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ ला जे. जे. मधून शिकून निघाले. पुढे झेन बौद्ध विचाराने त्यांना ओढून घेतले. रोलरने, सुरीने रंग चढवायचे, खरवडायचे. 'अमूर्त' हा शब्द त्यांना पटत नसे.

आमचे लोक विचारतात, यात बुद्ध कुठाय? सवाल रास्त आहे. पण सांचीच्या २००० वर्षांपूर्वीच्या तोरणांवर तरी तथागतांची मूर्ती कुठं आहे? बोधिवृक्ष, पावलं, रिकामं आसन, एवढंच. आम्हाला तर गायतोंडे त्याच वाटेचे दिसतात.

२००१ साली ते गेले. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. कामगाराने ते बघायचं कुठं? फोर्टच्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. पोरांना घेऊन जा.