पत्रकाची खालची ओळ

निवडणुकीचं पत्रक हाती आलं की आमचे धाकटे आजोबा ते खालून वाचायला घेत. वर चिन्ह कोणतं, उमेदवाराचा फोटो कसा उठलाय, आश्वासनं काय दिलीत, हे सगळं नंतर. आधी तळाची बारीक टायपातली ओळ बघायची: मुद्रक कोण, प्रकाशक कोण, पत्ता कुठला. ती ओळ सापडली की चष्मा नीट बसवून ते मजकुराकडे वळत. सापडली नाही, तर पत्रक तसंच घडी करून बाजूला ठेवून देत. "ज्याला नाव सांगायची लाज वाटते, त्याचं आपण कशाला ऐकायचं?" एवढंच म्हणत.

आम्ही बंगळूरचे भावसार. रंगाऱ्या-शिंप्यांची जात. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि गिऱ्हाइकाशी तमिळ, तेलुगू, उर्दू यांपैकी त्याला जी येईल ती. थोरले आजोबा जुन्या शहरात, म्हणजे पेटेत, नगरथपेटेत शिलाई मशीन चालवत आणि धाकटे सुलतानपेटेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवत. निवडणूक जाहीर झाली की दोघांच्याही घरी उशिरापर्यंत दिवा जळे. एक पक्षांचे झेंडे शिवी, दुसरा पक्षांचे शब्द जुळवी. माझ्यासाठी या देशाच्या निवडणुकांचा इतिहास त्या दोघांच्या गोष्टींतून सुरू होतो.

पहिल्या निवडणुकीची गोष्ट थोरले आजोबा सांगत. १९५१-५२ साली देशात सतरा कोटींहून जास्त मतदार होते आणि त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवलेली, पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाचा दिवा. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. आजोबा मांजरपाटावर खडूने बैलांची शिंगं आखत आणि शेजारी बसलेल्या मुलांना सांगत, "हा झेंडा नाही रे, हे अक्षर आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी शिवलेलं."

ते अक्षर एकदा रातोरात खोटं ठरलं. जुलै १९६९ मध्ये बंगळूरच्या लालबागेतल्या काचघरात काँग्रेसची बैठक भरली. इंदिरा गांधींनी आर्थिक धोरणाचं टिपण पुढे केलं, राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांच्या गटाशी त्यांचं वाजलं आणि वर्ष सरायच्या आत पक्ष दुभंगला. बैलजोडी कुणाची, हा वाद निवडणूक आयोगाकडे आणि कोर्टात गेला. शेवटी चिन्हच गोठवलं गेलं. १९७१ च्या निवडणुकीत एका गटाकडे गाय-वासरू आलं, दुसऱ्याकडे चरखा चालवणारी बाई. आजोबांच्या दुकानात बैलजोडीचे झेंडे पडून राहिले. आजीने त्यांची कौदी शिवली. लहानपणी मी त्याच कौदीवर झोपत असे, आणि अस्तर उसवलं की आतून एखादा बैल डोकावे.

गाय-वासराला पेटेत कुणी ओळखत नव्हतं. पण 'गरिबी हटाओ' हे दोन शब्द पोचले होते. मैसूर राज्यातल्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या, सत्तावीसच्या सत्तावीस जागा इंदिरा गांधींच्या काँग्रेसने जिंकल्या, तेही निजलिंगप्पांच्या स्वतःच्या राज्यात. सात वर्षांनी पक्ष पुन्हा फुटला, गाय-वासरूही गेलं आणि हाताचा पंजा आला. फेब्रुवारी १९७८ मध्ये देवराज अर्सांनी हे नवंकोरं चिन्ह घेऊन कर्नाटकची विधानसभा जिंकली. "चिन्ह बदलतं, कापड तेच," असं आजोबा म्हणत, पण मतदार म्हणजे कापड नव्हे हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुरावा म्हणून ते १९८४-८५ सांगत. डिसेंबरात लोकसभेला याच कर्नाटकाने काँग्रेसला अठ्ठावीसपैकी चोवीस जागा दिल्या. मुख्यमंत्री रामकृष्ण हेगड्यांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा देऊन नव्याने कौल मागितला, आणि मार्चमध्ये याच लोकांनी त्यांच्या जनता पक्षाला १३९ आमदार देऊन परत बसवलं. भिंती त्याच, मतदार तेच. मधे फक्त तीन महिने. प्रचाराने माणूस भुलतो, हे खरं. पण समोर उभं राहून, तोंड दाखवून केलेला प्रचार तो तोलूनही बघतो.

तोंड न दाखवता केलेल्या प्रचाराची गोष्ट धाकट्या आजोबांकडे होती. ती ते नेहमी हलक्या आवाजात सांगत.

सत्तरच्या दशकातली कुठलीशी निवडणूक. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी छापखान्यात एक माणूस आला. हाती लिहिलेला मजकूर, दोन हजार प्रती, पहाटेच्या आत, दुप्पट दराने. मजकूर असा की पेटेतला अमुक उमेदवार बसला, त्याने प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा दिला. आजोबांनी मजकूर वाचला आणि विचारलं, खाली नाव कुणाचं घालू? माणूस म्हणाला, नाव नको. आजोबांनी कागद परत केला.

त्यामागे कायदा होता. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली १२७-अ हे कलम आलं. निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. शिवाय प्रकाशकाने सही करून प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर साक्ष घालायची आणि छापलेल्या पत्रकाची प्रत सरकारकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. साध्या खिळे जुळवणाऱ्या माणसाला हे कलम पाठ होतं.

पत्रक छापलं गेलं नाही, तरी बातमी फिरलीच. हॉटेलातून, नळावरून, विडीच्या दुकानातून. कन्नडमध्ये हिला गाळीसुद्दी म्हणतात, गाळी म्हणजे वारा आणि सुद्दी म्हणजे बातमी. उजाडायच्या आत त्या उमेदवाराच्या कानावर गेलं. तो जटक्यात बसला आणि काही न बोलता पेटेभर फिरला. मी आहे, बसलेलो नाही, हे लोकांना नुसतं दिसावं म्हणून. आजोबा म्हणत, "वारा झेंड्यालाही लागतो आणि बातमीलाही. पण झेंडा कुणी शिवला ते टाक्यावरून सांगता येतं. गाळीसुद्दीला टाका नसतो."

कापडाचे फलक गेले, फ्लेक्स आले. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून महापालिकेने तेही उतरवले. थोरल्या आजोबांचं मशीन त्याआधीच थांबलं होतं. मला वाटायचं, झेंड्याची जागा आता फोनने घेतली. ते चूक होतं. फोनने जागा घेतली ती गाळीसुद्दीची.

२०१८ ची विधानसभा निवडणूक व्हॉट्सअॅपची म्हणून गाजली. मतदान १२ मेला झालं. २३ मेला चामराजपेटेत, आमच्या गल्लीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, राजस्थानातून पोटासाठी आलेल्या एका तरुणाला मुलं पळवणारा समजून जमावाने मारून टाकलं. फोनवरून फिरलेल्या निनावी बातमीने. तिचा निवडणुकीशी संबंध नव्हता, पण ती आली ज्या वाटेने ती वाट तीच होती. जुलैमध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा वेगाला आली, नावाची सक्ती आलीच नाही.

२०२३ च्या निवडणुकीत उघडा प्रचारही रग्गड झाला. आधीच्या सप्टेंबरात काँग्रेसने मुख्यमंत्र्यांवर कमिशनखोरीचा आरोप करणारी 'पेसीएम'ची क्यूआर कोडची पोस्टरं भिंतींवर चिकटवली, मग सिद्धरामय्या आणि शिवकुमार यांच्या सह्यांची गॅरंटी कार्डं घरोघर दिली. भाजपने रोज अर्धा लिटर नंदिनी दूध आणि वर्षाला तीन सिलिंडर कबूल केले, पंतप्रधानांनी शहरात सव्वीस किलोमीटरचा रोड शो केला. पटो न पटो, या सगळ्याला धनी होता. उद्या जाब विचारायचा तर कुणाला विचारायचा ते माहीत होतं.

पण ९ मेच्या रात्री, मतदानाच्या आदल्या रात्री, माझ्या फोनवर मराठीत एक निरोप आला. 'आपल्या समाजाने' उद्या कुणाला मत द्यायचं आणि दिलं नाही तर काय गमवायचं, हे सांगणारा. पाठवला होता आत्याने, धाकट्या आजोबांच्या लेकीने. पक्षाने पैसे मोजून केलेल्या जाहिरातीला परवानगी लागते. आत्याच्या निरोपाला कशी लागणार? मी फोन लावला.

"आत्या, हे तुला कुणी पाठवलं?"

तिने तिच्या जावेचं नाव सांगितलं. जावेला विचारलं, तिने गटाचं नाव सांगितलं. गटात विचारलं, तेव्हा कळलं की तो निरोप तिथे तीन जणांकडून आला होता आणि तिघांनाही मूळ ठाऊक नव्हतं. अकरा वाजता आत्याचाच उलट फोन आला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांनी हे छापलं नसतं गं."

त्या रात्रीनंतर आमच्या घरच्या गटात एक रीत पडली. कुठल्याही पक्षाचा, कुणाच्याही बाजूचा निरोप येवो, आत्या त्याखाली दोनच शब्द लिहिते: खालची ओळ?

उत्तर आलं, तर आम्ही वरपासून वाचायला घेतो.