नाथांचा वाडा आणि देवाने भरलेला रांजण

पैठण येथे संत एकनाथांची दोन स्थाने आहेत. गोदावरीच्या काठावर त्यांची समाधी असून भाविक तिला बाहेरचे नाथमंदिर म्हणतात, तर जुन्या वस्तीत असलेला त्यांचा राहता वाडा गावातले नाथमंदिर म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील बहुतेक संतांची उपासना समाधिस्थळी एकवटलेली दिसते. ज्ञानदेवांसाठी आळंदीला, निवृत्तिनाथांसाठी त्र्यंबकेश्वरला आणि सोपानदेवांसाठी सासवडला जायचे, हा वारकऱ्यांचा परिपाठ आहे. पैठणला मात्र समाधीच्या तोडीचे माहात्म्य एका संसारी माणसाच्या घराला लाभले आहे. ते का लाभले, हे त्या घराच्या कथा आणि रूढी पाहिल्या म्हणजे कळते.

एकनाथांचा जन्म इ.स. १५३३ च्या सुमारास झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढवले. चक्रपाणींचे वडील भानुदास हे मोठे विठ्ठलभक्त होते आणि विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनीच पंढरपूरला परत आणली, अशी वारकरी परंपरा आहे. वाड्यातील देवघरात ज्या विठ्ठलमूर्तीची पूजा होते, तिला विजयी पांडुरंग म्हणतात. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्याजवळ राहून नाथांनी अध्ययन आणि साधना केली. पुढे गुरूंच्याच आज्ञेने ते गृहस्थ झाले आणि गिरिजाबाईंसह पैठणला संसार करू लागले. पैठण हे त्या काळी धर्मशास्त्राचे मोठे पीठ होते आणि तेथील शास्त्रीमंडळींच्या निर्णयाला दूरवर मान होता. अशा गावात, अशा मंडळींच्या शेजारी हे घर उभे होते, ही गोष्ट पुढील कथा वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध कथा श्रीखंड्याची आहे. श्रीखंड म्हणजे चंदन, आणि पूजेसाठी चंदन उगाळून देणारा म्हणून श्रीखंड्या असा या नावाचा उलगडा केला जातो. कथेप्रमाणे श्रीकृष्ण ब्राह्मणकुमाराच्या रूपाने नाथांच्या दारी आला, त्याने चाकरी मागितली आणि बारा वर्षे तो या घरात राबला: सहाणेवर गंध उगाळणे, पूजेची तयारी करणे आणि खांद्यावर कावड घेऊन गोदावरीचे पाणी आणून रांजण भरणे, ही त्याची कामे. इकडे द्वारकेत अनुष्ठान करणाऱ्या एका भक्ताला दृष्टांत झाला की देव द्वारकेत नाही, तो पैठणला एकनाथाच्या घरी पाणी भरतो आहे. तो भक्त शोध घेत वाड्यावर पोहोचला, तोवर श्रीखंड्या अदृश्य झाला होता, आणि घरातल्यांना आपण बारा वर्षे कोणाकडून पाणी भरून घेतले हे तेव्हा उमगले.

या कथेवरून आलेली रूढी आजही पाळली जाते. रांजण म्हणजे पाणी साठवण्याचे मोठ्या पोटाचे भांडे, आणि नाथांच्या वाड्यातील रांजण हा साक्षात देवाने भरलेला मानला जात असल्याने त्याला मूर्तीइतकाच मान आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला, त्याची पूजा होते आणि त्या दिवसापासून भाविक गोदावरीचे पाणी आणून त्यात ओततात. कितीही घागरी रिकाम्या झाल्या तरी देवाची घागर पडेपर्यंत रांजण भरत नाही, अशी श्रद्धा आहे. आणि ज्याच्या घागरीने तो काठोकाठ भरतो, त्याच्या रूपाने श्रीकृष्णच येऊन गेला असे मानून त्याचा मान केला जातो. महाराष्ट्रातील उत्सवांच्या रूढींत इतकी अर्थपूर्ण रूढी क्वचितच आढळेल, कारण येथे भक्ताला देवापुढे काही मागायचे नसते, तर देवाने केलेले कष्टाचे काम स्वतःच्या हातांनी पुन्हा करायचे असते.

या घराच्या दुसऱ्या प्रसिद्ध कथेतही केंद्रस्थानी अन्नपाणीच आहे. पितृश्राद्धासाठी शिजवलेल्या अन्नाचा वास वाटेने जाणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबाला आला, तेव्हा नाथांनी ते अन्न त्यांनाच वाढले. निमंत्रित ब्राह्मणांनी पुन्हा केलेल्या स्वयंपाकालाही नकार दिला, आणि मग पितर स्वतः पानांवर येऊन जेवले, असे कथा सांगते. नाथांची विस्तृत चरित्रे त्यांच्यानंतर दीड शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. महिपतींचा भक्तविजय १७६२ चा आणि भक्तलीलामृत १७७४ चे आहे. त्यामुळे अशा प्रसंगांना शब्दशः इतिहास म्हणता येत नाही. तरीही कथेतील वृत्ती नाथांचीच आहे, याचा पुरावा त्यांच्या रचनेत मिळतो, कारण त्यांच्या भारुडांत, म्हणजे लोकजीवनातील पात्रांच्या तोंडून परमार्थ सांगणाऱ्या पदांत, महार, जोशी, गोंधळी, वासुदेव हे सारे बोलतात, आणि महाराच्या तोंडचे जोहार, म्हणजे त्याच्या नमस्काराने सुरू होणारी पदे, तर त्यांच्या वाङ्मयातले फार मोलाचे धन आहे.

वाड्याच्या स्वयंपाकघराने मराठी साहित्यालाही एक माणूस दिला. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला गावबा हा मुलगा मंदबुद्धीचा समजला जात असे, अशी आख्यायिका आहे. नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी थांबले आणि नाथांनी देह ठेवला, तेव्हा उरलेला ग्रंथ याच गावबाने पूर्ण केला. एकनाथी भागवताचा आरंभही पैठणचाच, जरी त्याची समाप्ती १५७३ मध्ये काशीला झाली.

नाथांनी १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत जलसमाधी घेतली. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, त्यांची समाधी, गुरुशिष्यांची पहिली भेट आणि नाथांची जलसमाधी या पाचही घटना याच तिथीच्या मानल्या जातात, म्हणून तिला पंचपर्वा नाथषष्ठी म्हणतात. या दिवसांत राज्यभरातून दिंड्या पैठणला येतात; सप्तमीला छबिना, म्हणजे देवाची रात्रीची मिरवणूक, निघतो आणि अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटून उत्सव संपतो.

षष्ठीच्या गर्दीत अनेक यात्रेकरू नदीकाठच्या समाधीला हात जोडून तेथूनच परत फिरतात. त्यांनी थोडी वाट वाकडी करून गावातल्या वाड्यापर्यंत अवश्य जावे आणि एक घागर पाणी रांजणात ओतावे.