एकच ऑक्सिजन, दोन निकाल

सुपरकपॅसिटरवरचे पेपर वाचायला लागलात की एक वाक्य हमखास भेटतं: कार्बनवरचे ऑक्सिजन गट कपॅसिटन्स वाढवतात. दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर उघडा. तिथे तेच गट काढून टाकायला कार्बन हायड्रोजन वायूत तापवलेला असतो. मग खरं कोणाचं? पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी इथेच अडकलो होतो. उत्तर सापडलं ते जुन्या पेटंटमध्ये आणि जुन्या पेपरांत.

सुरुवात १९५७ पासून करू. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉवर्ड बेकर यांना सच्छिद्र कार्बनचे इलेक्ट्रोड असलेल्या कपॅसिटरचं पेटंट मिळालं. गंमत अशी की एवढा प्रचंड कपॅसिटन्स नेमका कुठून येतो, हे त्यांनाही नीट सांगता आलं नव्हतं. विद्युत दुहेरी थराची कल्पना हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडली होती. तिचा आधार घेऊन नीट खुलासा आला तो १९६६ मध्ये, ओहायोच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतल्या रॉबर्ट राइटमायर यांच्या पेटंटमधून. कार्बन आणि द्रावण जिथे भेटतात, त्या सीमेवरच आयन जमून भार साठतो.

हिशोब सोपा आहे, वहीत करून बघा. एक ग्रॅम कार्बनचं पृष्ठफळ १००० चौरस मीटर, म्हणजे १ कोटी चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोफॅरड धरले, तर ग्रॅममागे १०० फॅरड. म्हणून सगळे पृष्ठफळाच्या मागे लागले. पण या हिशोबात कार्बनचा पृष्ठभाग कोरा, स्वच्छ धरलेला आहे. तो तसा नसतो.

हे कोळशाचा अभ्यास करणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. काहीशे अंशांवर हवेत तापवलेला कोळसा पाण्यात आम्लधर्मी वागतो. त्याच्या कडांना कार्बॉक्सिल, लॅक्टोन, फिनॉल, क्विनोन असे गट चिकटलेले असतात. ते मोजायची रीत रूढ केली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स-पेटर बोएम यांनी, १९६० च्या दशकात. साहित्य काय? खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा! पहिला फक्त कार्बॉक्सिलला उदासीन करतो, दुसरा कार्बॉक्सिल आणि लॅक्टोनला, तिसरा या दोघांबरोबर फिनॉललाही. मग साधी वजाबाकी. बोएम टायट्रेशन आजही होतं. मात्र त्यात क्विनोन दिसत नाही, हे लक्षात ठेवा, कारण आपल्या गोष्टीत महत्त्वाचा तोच आहे.

आम्लाच्या द्रावणात क्विनोन दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन घेऊन हायड्रोक्विनोन होतो, आणि परतही येतो. म्हणजे दुहेरी थराच्या वर जादा भार साठतो. यालाच आपण स्यूडोकपॅसिटन्स म्हणतो. ब्रायन कॉनवे यांच्या १९९९ च्या पुस्तकात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी वाचायला मिळतात.

आता वळण बघा. १९७० च्या दशकात जपानमध्ये हे कपॅसिटर बाजारात आले. ओहायोच्या कंपनीकडून परवाना घेतलेल्या एनईसीने सल्फ्युरिक आम्लाचं जलीय द्रावण वापरलं. मात्सुशिताने सेंद्रिय द्रावक निवडला. कारण सरळ आहे: ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते. पाण्यात साधारण १ व्होल्ट मिळतो, सेंद्रिय द्रावकात आज २.७ पर्यंत जाता येतं. म्हणजे कपॅसिटन्स तेवढाच असला तरी ऊर्जा सातपट!

पण सेंद्रिय द्रावकात क्विनोनला प्रोटॉन देणारं कोणी नाही. उलट तेच ऑक्सिजन गट ओलावा धरून ठेवतात, चढ्या व्होल्टेजला विघटित होतात, वायू सुटतो, गळतीचा प्रवाह वाढतो. पाण्यात हेच गट छिद्रं भिजायला मदत करत होते. म्हणजे दोन्ही पेपर खरे होते. फक्त त्यांची द्रावणं वेगळी होती.

आता माझी फजिती सांगतो. करवंटीपासून केलेला कार्बन मी नायट्रिक आम्लात तापवला. सायक्लिक व्होल्टामेट्रीत सुरेख उंचवटा आला, कपॅसिटन्स वाढला, मी खूश. सरांनी एकच विचारलं, "चार्ज करून ठेवून दिल्यावर किती टिकतं रे?" मी मोजलंच नव्हतं. मोजलं, तर व्होल्टेज मूळ कार्बनपेक्षा लवकर उतरत होतं. शिवाय पृष्ठफळही घटलं होतं. क्विनोनबरोबर भरपूर कार्बॉक्सिलही आले होते, आणि मी सगळ्यांना मिळून नुसतं "ऑक्सिजन" म्हणत होतो. स्लाइड बदलावी लागली, पण प्रबंधाचा प्रश्न तिथेच मिळाला.

म्हणून तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवा: कोणता गट? कोणत्या द्रावणात? आणि किती वेळ टिकणारा भार? हे तिन्ही न सांगता कोणी "ऑक्सिजन चांगला" किंवा "वाईट" म्हणालं, तर थांबा आणि पेपरातला प्रयोगाचा भाग पुन्हा वाचा.