तापीकाठचा विद्यार्थी आणि त्याचा दाखला

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या मनापुढे १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्यांची ती साले. आमच्या क्रमिक पुस्तकांनी सुरतेशी असलेले मराठी माणसाचे नाते बहुधा एवढ्यावरच आटोपले आहे. परंतु स्वारी करून परत फिरलेल्यांच्या इतिहासापेक्षा पाटीदप्तर घेऊन त्या शहरी गेलेल्यांचा आणि तेथेच राहिलेल्यांचा इतिहास पुष्कळच दीर्घ आहे, व आजच्या दृष्टीने अधिक विचारणीय आहे. त्या इतिहासाच्या शेवटी एक प्रश्न उभा आहे: ज्याने एखाद्या गावात बारा वर्षे शिक्षण घेतले, त्याचे गाव कोणते समजावयाचे? हा प्रश्न वरवर कारकुनी दिसतो. त्याच्या उत्तरावर मात्र अनेक होतकरू मुलांचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

प्रारंभ एका शिक्षकापासून करू. मराठीचे व्याकरणकार म्हणून सर्वांस परिचित असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४०च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांचे मराठी व्याकरण त्यापूर्वीच, १८३६ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. सुरतेत त्यांचा स्नेह जमला तो दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन केली. पश्चिम हिंदुस्थानातील धर्मसुधारणेच्या आद्य प्रयत्नांत तिची गणना होते. पुढे मुंबईत दादोबांच्याच प्रेरणेने परमहंस सभा निघाली, आणि तिच्या विचारांचा धागा प्रार्थनासमाजापर्यंत पोहोचला. म्हणजे महाराष्ट्रातील सुधारणेचे एक बीज सुरतेच्या मातीत, एका मराठी आणि एका गुजराती शिक्षकाच्या मैत्रीत रुजले होते. वसईजवळच्या तर्खड या गावाचे नाव आडनावात वागविणारा हा गृहस्थ सुरतेत परका होता काय? त्या काळी हा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल असे आम्हांस वाटत नाही.

सुरतेच्या पूर्वेस सोनगड आहे. गायकवाडांची ती आरंभीची राजधानी. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ मध्ये जन्मलेला एक मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचा अधिपती झाला. तोही एक स्थलांतरित विद्यार्थीच होता. अक्षरओळखही त्याने प्रायः बडोद्यास गेल्यावरच करून घेतली. सयाजीराव महाराजांनी १८८५च्या सुमारास सोनगड येथे धाणका जमातीच्या मुलांसाठी वसतिगृहासह शाळा उघडली, आणि १९०६ मध्ये आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा उघडणे पुरेसे नसते, मुलाच्या राहण्याजेवण्याची सोय केली तरच शाळेचे दार त्याला खरोखर उघडे होते, ही गोष्ट सोनगडच्या त्या वसतिगृहाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवून दिली.

त्या काळी विद्येच्या वाटेवर प्रांताची वेस आडवी येत नव्हती. सुरत मुंबई इलाख्यातच होती. १९१८ मध्ये सुरतेत महाविद्यालय निघाले, तेही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. अहमदाबादेचे गुजरात विद्यापीठ १९४९च्या कायद्याने झाले. पुढे १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. दक्षिण गुजरातसाठी स्वतंत्र विद्यापीठाचा कायदा १९६५ मध्ये झाला, सुरतेत ते विद्यापीठ १९६७ मध्ये सुरू झाले, आणि २००४ मध्ये त्यास कवी नर्मद यांचे नाव देण्यात आले. भाषावार राज्यरचना आम्ही इष्टच मानतो; स्वभाषेतून कारभार आणि शिक्षण हा लोकांचा हक्क आहे. तथापि नकाशावर ओढलेली रेषा लोकांच्या पायवाटा पुसून टाकीत नाही, ही गोष्ट रेषा ओढणारांच्या सहसा ध्यानात राहत नाही.

ही पायवाट म्हणजे प्रथम तापीचे खोरे आणि नंतर त्यातून गेलेला लोहमार्ग. सुरतेपासून अमळनेरपर्यंतची तापी व्हॅली रेल्वे १९०० मध्ये पुरी झाली. व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा अशी ती खानदेशात उतरते. नवापूरचे स्थानक तर दोन राज्यांत विभागलेले आहे: फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. तेथील घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. याच मार्गाने धुळे, जळगाव व नंदुरबारकडील कुटुंबे सुरतेस आली. जिराईत शेतीवर पोट भरेना. इकडे यंत्रमाग, रंगाई-छपाईचे कारखाने, जरीकाम आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा यांस माणसे हवी होती. १९६१ मध्ये सुरतेची लोकसंख्या सुमारे २ लाख ८८ हजार होती. २०११च्या शिरगणतीत ती ४४ लाखांवर गेली. ही वाढ प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांची. खानदेशी माणूस उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत वसला. ओडिशातील गंजाम जिल्ह्याचे लोक मागांवर आले. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातूनही लोक आले.

या लोकांच्या मुलांसाठी सुरत शहराने जे केले त्याचा उल्लेख आम्हांस आदराने केला पाहिजे. येथील नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालत आल्या आहेत. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. ते १९५६ मध्ये घटनेत आले. बहुतेक नगरांनी ते कागदावरच ठेवले. सुरतेने ते वर्गात आणले. घरी अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशा चार भाषांत वाढणारे मूल ही सुरतेची एक संपत्तीच आहे. २०२३ मध्ये गुजरात विधानसभेने सर्व शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकविणे सक्तीचे केले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या भूमीत राहावयाचे तिची भाषा येणे मुलाच्या हिताचेच आहे, आणि पुढे विद्यापीठात शिकताना तीच त्याच्या उपयोगी पडते.

अडचण सुरू होते ती शाळेच्या पुढे. २००९चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्या कारणाने मुलास प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु हा कायदा चौदाव्या वर्षाशी संपतो. बारावी झालेल्या मुलापुढे मात्र महाविद्यालयाच्या खिडकीशी कागदांची रास मागितली जाते: रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वसतिगृहासाठी निराळा, शिष्यवृत्तीसाठी निराळा. बाप भाड्याच्या खोलीत राहतो. भाडेकरार झालेला नसतो. शिधापत्रिका गावी, आजोबांच्या नावावर. मतदारयादीतील नाव कधी गावी तर कधी येथे. सुरतेचा मामलतदार गावचा पुरावा मागतो. गावचा तहसीलदार म्हणतो, तुम्ही येथे राहतच नाही. एकाच हुद्द्याची ही दोन नावे, आणि त्या दोन नावांच्या मधल्या फटीत मुलगा अडकतो. तो देशाचा नागरिक आहे याविषयी कोणासच शंका नसते. तो कोठला आहे, एवढेच सिद्ध होत नाही.

यांतील सर्वांत बिकट गाठ जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या राज्यवार आहेत, आणि १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशांच्या वेळी कुटुंब कोठे राहत होते यावर बराचसा निर्णय अवलंबून असतो. आंध्रातून वयाच्या नवव्या वर्षी मुंबईस आलेल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये असे ठरविले, की एका राज्यात मिळालेला हा दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात येत नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या घटनापीठाने राज्यांच्या सेवांबाबत हेच तत्त्व उचलून धरले. परिणाम असा, की नंदुरबारचा भिल्ल विद्यार्थी सुरतेत आला की राखीव जागेपुरता भिल्ल राहत नाही, जरी भिल्ल ही जमात दोन्ही राज्यांच्या यादीत आहे.

येथे घाईने न्यायालयास दोष देणे योग्य नव्हे. दक्षिण गुजरातेत गामीत, चौधरी, हळपती यांसारख्या जमाती आहेत. हळपतींच्या कित्येक पिढ्या शेतमालकांच्या घरी वेठीस बांधलेल्या होत्या. त्यांच्यासाठी ठेवलेल्या जागा बाहेरून आलेल्यांनी घेतल्या, तर एका दुबळ्याचा घास दुसऱ्या दुबळ्याने काढून घेतल्यासारखे होईल. म्हणून राखीव जागांना हात लावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु जागा ही एक गोष्ट आणि साहाय्य ही दुसरी. शुल्कात सवलत, वसतिगृहातील खाट, पुस्तकपेढी, शिष्यवृत्ती, हे स्वतंत्र निधीतून देता येते; त्यासाठी कोणाची जागा काढून घ्यावी लागत नाही. हा फरक धोरण आखणारांनी अद्याप नीट केलेला नाही.

महाराष्ट्रानेही आपले अंग काढून घेता कामा नये. कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातील ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने आपल्या व्यावसायिक महाविद्यालयांत काही जागा ठेवल्या, हे उचितच झाले. सुरतेच्या मराठी शाळेतून बारावी झालेल्या मुलास मात्र तो मार्ग नाही. वैद्यकीय शाखेच्या राज्य कोट्यास दहावी व बारावी महाराष्ट्रातच झालेली असावी, हा तेथील सर्वसाधारण नियम. एका राज्यास तो बाहेरून आलेला, दुसऱ्या राज्यास तो बाहेर गेलेला.

मग पुरावा तरी कशाचा मानावा? या बाबतीत आमच्या कोकणी वाचकांस एक जुनी गोष्ट आठवेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव मुक्त झाले. तेथील लोकांजवळ होते ते पोर्तुगीज कागद. १९६२ मध्ये निघालेल्या नागरिकत्वाच्या आदेशाने सरळ नियम घातला: जो स्वतः, अथवा ज्याच्या आईबापांपैकी वा आजाआजींपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मला, तो भारताचा नागरिक, ज्यास हे नको त्याने मुदतीत तसे लिहून द्यावे. प्रत्येकास खिडकीशी उभे करण्याऐवजी सर्वांस लागू पडेल असा नियमच शासनाने केला. सुरतेहून दमण काही फार दूर नाही.

परदेशातील एक दाखलाही उद्बोधक आहे. अमेरिकेत टेक्सास राज्याने परवान्यावाचून देशात आलेल्यांच्या मुलांस सरकारी शाळांतून वगळू पाहिले, तेव्हा १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते घटनाबाह्य ठरविले. ती मुले तर त्या देशाची नागरिकही नव्हती. पुढे २००१ मध्ये कॅलिफोर्नियाने असा कायदा केला, की ज्याने राज्यातील हायस्कुलात तीन वर्षे शिकून परीक्षा दिली त्याला सरकारी विद्यापीठात स्थानिकाइतकेच शुल्क पडावे. जन्म कोठे झाला हे न विचारता, शिकलास कोठे, हे तेथे विचारले गेले.

आमच्या मते सुरतेच्या प्रश्नाची किल्ली याच ठिकाणी आहे. शाळेची हजेरी हा पुरावा भाडेकरारापेक्षा प्रामाणिक असतो. वर्षानुवर्षे, रोज सकाळी, शिक्षकाच्या हातून तो लिहिला जातो. महानगरपालिकेच्या शाळेत पहिलीपासून शिकलेल्या मुलाचा तेथील रहिवास त्या शाळेच्या नोंदवहीनेच सिद्ध मानावा. कागद अपुरे असल्यास विद्यापीठाने तात्पुरता प्रवेश देऊन मुदत द्यावी. दोन्ही राज्यांच्या महसूल खात्यांनी दाखल्यांची पडताळणी आपसांत करावी, मुलाच्या बापास मजुरी बुडवून नवापूरपार फेऱ्या घालावयास लावू नये. आणि सोनगडच्या जुन्या धड्याप्रमाणे वसतिगृहाचा विचार प्रवेशाबरोबरच व्हावा. यांतील एकाही गोष्टीस घटना बदलावी लागत नाही.

ज्या कवीचे नाव सुरतेच्या विद्यापीठास दिले आहे, तो नर्मद १८३३ मध्ये सुरतेत जन्मला आणि शिक्षणासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेला. गुजरातचा अभिमान ज्याने गुजराती माणसाच्या तोंडी दिला, त्याच्या विद्येचा पाया असा परमुलखात घातला गेला. दादोबा मुंबईहून सुरतेस गेले, नर्मद सुरतेहून मुंबईस आला. या देवघेवीत दोन्ही भाषा श्रीमंत झाल्या. आज तोच मार्ग तुडवीत आलेल्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीस अथवा मुलास नर्मदच्या नावाच्या विद्यापीठात सन्मानाने बसता आले, तर ती कोणी केलेली मेहेरबानी ठरणार नाही. ती एका जुन्या ऋणाची फेड ठरेल.