सौदा मोडायला लावला कोणी? एका आरोपाचा आणि त्याच्या बचावाचा इतिहास

मंडळी, सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे. एकानं बोली लावली, दुसऱ्यानं वर चढवली, तिसऱ्यानं आणखी वर. ‘माझा माल पळवला’ असं पहिला म्हणत नाही. कारण बोली मान्य झाल्याचं जाहीर होईपर्यंत विक्री झालेलीच नसते. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ६४ हेच सांगतं. पण एकदा ते जाहीर झाल्यावर कोणी शेतकऱ्याला बाजूला घेऊन म्हणालं, ‘त्याला देऊ नको, मी जास्त देतो’, तर? माणसं तीच, माल तोच, पण आता गोष्ट निराळी झाली.

हा फरक नेमका कधी आणि कसा ठरला, ते आज आपण बघणार आहोत. आणि बघणार आहोत ते आरोप झालेल्याच्या बाजूनं. ‘तू माझा करार मोडायला लावलास’ अशी नोटीस ज्याच्या दुकानावर येते, त्यानं काय सांगायचं?

या कल्पनेचं मूळ व्यापारात नाही, चाकरीत आहे. १३४८ साली इंग्लंडमध्ये प्लेगची महाभयंकर साथ आली. माणसं मेली, मजूर मिळेनात, मजुरी चढली. मग १३४९ चा हुकूम आणि १३५१ चा कायदा आला. मजुरी बांधून टाकली, आणि मुदतीआधी मालकाला सोडून आलेल्या चाकराला ठेवून घेणं हा गुन्हा झाला. म्हणजे सुरुवातीला या नियमानं राखण केली ती मालकाची.

तिथून एकदम १८५२ मध्ये येऊ. लंडनमध्ये दोन ऑपेरा थिएटरं, एक लमलीचं, दुसरं गायचं. योहाना वॅग्नर ही नामवंत गायिका लमलीशी करारानं बांधलेली होती. गायनं तिला जास्त पैसे देऊ केले. लमलीनं तिच्यावर दावा केलाच, शिवाय गायवरही केला. १८५३ मध्ये न्यायालयानं तत्त्व ठरवलं: करार दोघांचा असला तरी तो जाणूनबुजून मोडायला लावणारा तिसरा माणूसही भरपाईला जबाबदार. न्यायमूर्ती कोलरिज एकटे विरोधात होते. हा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो.

पण त्याचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. हे झालं तत्त्वापुरतं. प्रत्यक्ष पुरावा ज्यूरीपुढे गेला तेव्हा जिंकला गाय! तो करार बंधनकारक नाही असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं, हे ज्यूरीला पटलं. म्हणजे ज्या खटल्यात हा आरोप जन्माला आला, त्याच खटल्यात त्याचा पहिला बचावही यशस्वी झाला.

आता आपल्या देशात येऊ. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांत १९२० मध्ये मोठा संघर्ष झाला. गिरणीच्या व्यवस्थापनानं मजूर संघाचे नेते बी. पी. वाडिया यांना कोर्टात खेचलं. आरोप काय, तर तुम्ही कामगारांना नोकरीचा करार मोडायला लावता. मद्रास उच्च न्यायालयानं मनाई हुकूम दिला. विचार करा, संप करा म्हणणं हाच ‘करारात हस्तक्षेप’ ठरला, तर संघटना उभी कशी राहायची? १९२१ मध्ये आपले नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन्स ॲक्ट आला. औद्योगिक वादात नोंदणीकृत संघटनेनं कामगाराला नोकरीचा करार मोडायला लावलं, एवढ्याच कारणावरून तिच्यावर दिवाणी दावा चालणार नाही, हे त्याच्या कलम १८ मध्ये आलं. चाकर बांधून ठेवणाऱ्या नियमाला चाकरांच्याच बाजूनं अशी वेस घातली गेली.

व्यापाऱ्यांचं काय? कोला कंपन्यांची भांडणं बघा. गुजरात बॉटलिंग कंपनीचे कारखाने अहमदाबाद आणि राजकोटला. तिचा करार कोका-कोलाशी, आणि शेअर्स गेले पेप्सीकडे. मुंबई उच्च न्यायालयानं मनाई हुकूम दिला, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. करार चालू आहे तोवर दुसऱ्याचं पेय भरायचं नाही ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ आड येत नाही, असं ठरलं. उलट १९९९ मध्ये पेप्सी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, की कोका-कोला आमची माणसं फोडते. तिथं मनाई मिळाली नाही. चांगली नोकरी शोधायचा माणसाचा हक्क स्पर्धकाच्या सोयीसाठी बांधून ठेवता येत नाही, असा त्याचा रोख.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की बचाव कुठे उभा राहतो ते दिसतं. एक, करार खरोखर झाला होता का, आणि तेव्हा चालू होता का? दोन, आपल्याला तो ठाऊक होता का? इथं डोळेझाक चालत नाही. शंका असताना मुद्दाम विचारायचंच नाही, हे माहीत असण्यासारखंच आहे, असं इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं २००७ मध्ये बजावलं. तीन, आपण नुसता चांगला भाव सांगितला, की ‘मोड तो सौदा, पुढचं मी बघतो’ म्हणालो?

निफाड तालुक्यात द्राक्षबागेचा सौदा बऱ्याचदा तोंडी होतो, फार तर इसार दिला जातो. म्हणून बागेत शिरताना पहिला प्रश्न हाच विचारावा, ‘दादा, कोणाचा इसार घेतलाय का?’ उत्तर तारखेसह लिहून ठेवावं. नाही म्हणाले, तर बिनधास्त भाव लावा. हो म्हणाले, तर तो सौदा पुरा होईपर्यंत किंवा दोघांच्या राजीखुशीनं सुटेपर्यंत थांबा.

कारण जास्त भाव देणं हा गुन्हा नाही, आणि तो कधी होऊही नये. तो झाला तर सगळ्यात आधी मरेल तो शेतकरी. पण दिलेल्या शब्दाला किंमतच उरली नाही, तर उद्या त्याच शेतकऱ्याला इसार देणार कोण? साडेसहाशेहून अधिक वर्षं कायदा या दोन भीतींच्या मधून वाट काढतो आहे.